पत्र्यापासून पेल्यापर्यंत: तांबट लेनमधल्या प्रकल्प नोंदी

शनिवार, २६ एप्रिल २०२५

सुट्टीच्या प्रकल्पाचा विषय आज पक्का झाला. तांब्याचं एक भांडं हाताने घडताना पत्रा कापण्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत बघायचं, मोजायचं आणि लिहून काढायचं. थोरली जूनमध्ये आठवीत जाईल. परिसरातल्या एखाद्या पारंपरिक व्यवसायावर तिला शाळेत वही द्यायची आहे. धाकटा पाचवीत जाणार. त्याच्यामागे वही नाही, पण प्रश्न सगळ्यांत जास्त त्याचेच. आम्ही दोघं आणि सासूबाई धरून घरातले सगळेच जाणार आहोत.

आधी येवल्याचा विचार होता. पैठणीचा माग बघण्यासारखाच असतो. पण येवला इथून ऐंशी किलोमीटरच्या पुढे. एकदा जाऊन, फोटो काढून परत, एवढंच झालं असतं. तांबट लेन जुन्या नाशकात आहे, मनात आलं की जाता येतं. एक वस्तू पुरी होईपर्यंत बघायची तर कारागिराच्या सवडीने जावं लागतं, आपल्या नव्हे.

एक अट मी घातली: नुसतं बघायला जायचं नाही, काम घेऊन जायचं. कारागिराचा हात थांबला की त्याची मजुरी थांबते. आपण घरभर माणसं त्याच्या दारात उभी राहून प्रश्न विचारणार, तर त्या वेळेचं मोल आपल्याच कामातून त्याला मिळालं पाहिजे. म्हणून पाण्याचे पेले घडवून घ्यायचे, आणि घरातलं जे दुरुस्तीला आलंय तेही न्यायचं.

रविवार, २७ एप्रिल

माळा रिकामा केला. तांब्याचं निघालं ते: घंगाळ, बंब, हंडा, कळशी, गडू. पितळेचं: पातेली, परात, तपेली, ओगराळं, एकात एक बसणारे डबे. सगळं काळवंडलेलं, कळशीच्या गळ्याशी हिरवा कळंक धरलेला. पातेल्यांच्या आतली कल्हई, म्हणजे कथलाचा मुलामा, केव्हाच उडून गेली आहे. कुठलं भांडं कुठून आलं हे सासूबाईंना तोंडपाठ आहे: हंडा त्यांच्या माहेरचा, परात इथल्याच भांडी बाजारातली. कळशीवर बारीक ठिपक्यांनी आहेर देणाऱ्याचं नाव घातलंय आणि खाली साल, १९६९.

थोरलीने कळशी आडवी करून चिंच-मिठाने घासली, तेव्हा पोटाच्या खालच्या अंगाला एक पिवळी रेघ वर आली. सरळ नव्हे, दातेरी. बारके चौकोनी दात एकमेकांत अडकवल्यासारखे. तिला ती नक्षी वाटली. सासूबाई म्हणाल्या, "नक्षी नव्हे गं, सांधा आहे तो." तांब्याला पिवळा सांधा कसा, आणि दातेरीच का, हे प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर गेले.

यातल्या घंगाळाला मागे एका दुकानात मोडीचा भाव सांगितला होता. सासूबाई ते तसंच उचलून परत घरी घेऊन आल्या. त्यांचे मी किती आभार मानू? मोडीत गेलं असतं तर आज वितळून दुसरंच काही झालं असतं.

सोमवार, २८ एप्रिल

तांबट लेनमधल्या कारागीर काकांची परवानगी घेऊन आले. ते पासष्टीच्या पुढचे, वडिलांच्या हाताखाली शिकलेले. मुलगा अंबडच्या एमआयडीसीत नोकरीला आहे, सुट्टीच्या दिवशी पॉलिशला बसतो. काका म्हणाले, "ताई, सकाळी दहाच्या आत या. नंतर भट्टीजवळ पोरं टिकायची नाहीत. सुती कपडे घाला, पायात चप्पल पाहिजे. आणि कानात कापूस."

काम ठरलं: पाण्याचे पेले, तोंड ८ सेंटिमीटर, उंची १०; कळशी गळते, तिला डाग, म्हणजे धातू वितळवून गळती बुजवणं; पितळी पातेल्यांना कल्हई. तांबं वजनावर, मजुरी वेगळी. मजुरीत घासाघीस केली नाही.

फोटो हातांचे आणि अवजारांचे काढायचे, चेहऱ्याचे नाहीत, असं त्यांनी सांगितलं. मान्य केलं.

गुरुवार, १ मे

महाराष्ट्र दिनाची सुट्टी. थोरलीने पेल्याला किती मोठी चकती लागेल याचं गणित मांडलं. तळाचं वर्तुळ आणि उभी भिंत, दोन्हींचं क्षेत्रफळ मिळवायचं. तेवढ्याच क्षेत्रफळाची सपाट चकती शोधायची. तळाची त्रिज्या ४, म्हणजे ४ चा वर्ग १६. भिंतीचे दोन गुणिले ४ गुणिले १०, म्हणजे ८०. दोन्हीकडे पाय (π) आहेच, तो उडतो. बेरीज ९६, वर्गमूळ साधारण ९.८. म्हणजे चकतीचा व्यास १९.६ सेंटिमीटर.

बाबांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, तपासलं, बरोबर आहे. तो सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमला असतो. पत्र्याचं काम त्याच्या रोजच्या हातातलं, फक्त तिथे ठोकायला हात नसतो, प्रेस असते.

शुक्रवार, २ मे

रविवार कारंजा या चौकातून आत वळलो आणि भांडी बाजार ओलांडेपर्यंत धाकट्याचा प्रश्न सुरूच: एवढी तांब्या-पितळेची दुकानं इथेच का? उत्तर समोरच होतं. पाच-दहा मिनिटं चाललं की गोदावरी आणि रामकुंड. तीर्थाला आलेला माणूस पाणी घेऊन जातो, देवपूजेचं साहित्य घेऊन जातो. तीर्थाचे गडू, ताम्हण, पळी-पंचपात्र, समया, घंटा यांना इथे गिऱ्हाईक कधी तुटलं नाही. २०१५ नंतरचा सिंहस्थ आता २०२७ मध्ये आहे, आणि काकांच्या शेजारच्या दुकानात छोट्या गडूंच्या थप्प्या आतापासूनच लागल्या आहेत. त्या मात्र यंत्रावरच्या. फिरत्या साच्यावर पत्रा दाबला की मिनिटात गडू तयार होतो. काकांना त्याचा राग नाही. "त्यांचं ते काम आहे, माझं हे," एवढंच म्हणाले.

कारखाना म्हणजे एका वाड्याची पुढची खोली. जमिनीत पुरलेला जाड लाकडी ठोकळा, त्याच्या डोक्यावर खोलगट खळगा. शेजारी जमिनीत रोवलेले लोखंडी दांडे, कुणाचं टोक गोल, कुणाचं चपटं, कुणाची मान वाकडी. भिंतीला हातोडे ओळीने टांगलेले. त्यांतले काही तेलकट फडक्यात गुंडाळलेले होते. धाकट्याचा हात नेमका तिकडेच गेला. काकांनी त्याला थांबवलं आणि फडकं सोडून हातोड्याचं तोंड दाखवलं. त्यात आपला चेहरा दिसेल इतकं ते लखलखीत. "बाळा, याच्यावर एक ओरखडा पडला, तर माझ्या प्रत्येक ठोक्याबरोबर तो भांड्यावर उमटणार. मग ते भांडं टाकायचं का?" मग त्याच्या हातात लाकडी मोगरी दिली आणि पत्र्याचा एक टाकाऊ तुकडा. पुढचा अर्धा तास तो तिथून हलला नाही.

पत्रा २० गेजचा निवडला. थोरलीने लिहून घेतलं: २० गेज म्हणजे साधारण ०.९१ मिलिमीटर, २२ गेज म्हणजे ०.७१. आकडा मोठा होईल तसा पत्रा पातळ. आता चकती. थोरली वही उघडून म्हणाली, "आजोबा, १९.६ सेंटिमीटर."

काकांनी वहीकडे कौतुकाने पाहिलं, कंपास उघडला आणि १८ चं वर्तुळ काढलं.

"उंची १०, रुंदी ८. मिळवली की झालं. वडिलांनी शिकवलंय."

थोरली गप्प झाली. तिचं गणित चुकलेलं नव्हतं आणि काकाही उभ्या जन्मात हेच करत आलेले. काकांनीच विचारलं, "तुझ्या हिशोबात पत्रा किती जाड राहतो शेवटपर्यंत?" तिने पत्र्याकडे पाहिलं, "०.९१." "माझ्या हातोड्याखाली राहील का तेवढा?"

एवढंच म्हणून त्यांनी कात्री घेतली. खरं काय ते पेला झाल्यावर मोजून बघायचं ठरलं. चकतीचं वजन केलं: २०७ ग्रॅम. थोरलीने घनता ८.९६ धरून तोलण्याआधीच काढलेला आकडा होता २०८. ती खुलली.

कळशीचा सांधा दाखवला. लहान तोंडाचं मोठं भांडं एका चकतीतून काढणं अवघड, म्हणून तळ, पोट आणि गळा वेगवेगळे घडवून जोडतात. दोन्ही काठांना दात कापायचे, एकमेकांत बसवायचे, ठोकून घट्ट करायचे. मग वर टाकणखार (बोरॅक्स) आणि पितळेचा कीस घालून भट्टीत तापवायचं. पितळ तांब्याच्या आधी वितळतं आणि दातांच्या फटींत उतरतं. म्हणून रेघ पिवळी. दातांमुळे दोन्ही तुकडे तापताना सरकत नाहीत आणि सांध्याची लांबीही वाढते. १९६९ चा सांधा अजून पक्का आहे. गळतंय ते बुडाला पडलेल्या पोच्यातून.

मंगळवार, ६ मे

आज घडाई. ही नोंद मोठी होणार, कारण बघण्यासारखं सगळ्यांत जास्त आजच होतं.

चकती आधी लाकडी ठोकळ्याच्या खळग्यावर ठेवून मोगरीने आतून ठोकली. कडेकडेने फिरवत फिरवत ती थाळीसारखी खोल झाली. मग पालथी करून लोखंडी दांड्यावर चढवली आणि हातोडा बाहेरून चालू झाला. उजवा हात ठोकतो, पण भांडं घडवतो तो डावा. दर ठोक्याला डावा हात भांडं जरासं पुढे फिरवतो, आणि ठोका मागच्या ठोक्याच्या कडेवर अर्धा चढतो. काका त्या वेळी भांड्याकडे बघतच नव्हते, माझ्याशी बोलत होते.

काठाला सुरकुत्या पडू लागतात. पत्र्याचा घेर कमी होतोय, जास्तीच्या पत्र्याला जायला जागा नाही. ती सुरकुती दुमडण्याआधी ठोकून आत जिरवावी लागते. दुमडली की तिथे चीर जाते आणि चकती वाया. काकांचा हात सगळ्यांत सावध असतो तो इथे.

थोड्या वेळाने आवाज बदलला. आधी बद्द बद्द होता, तो खणखणीत झाला. मला वाटलं काम जमत आलं. काकांनी हात थांबवला: "आता हे ऐकत नाही. ताठलंय." ठोकून ठोकून तांबं कडक होतं. पुढे रेटलं तर फाटेल. त्यांनी पेला सांडशीत धरून भट्टीत दिला. कोळशाच्या झोतात तांबं आधी इंद्रधनुषी रंगांचं झालं, मग काळं, आणि मग आतून मंद लाल. तेवढ्या लालीवर बाहेर काढून सरळ पाण्यात. चर्र करून काळ्या पापुद्र्याचे तुकडे पाण्यात सुटले, आणि खालून गुलाबी तांबं निघालं. हातात घेतलं तर बोटाने दाबता येत होतं, इतकं मऊ.

इथे धाकट्याने विचारलेला प्रश्न मला फार आवडला. लोहाराकडे त्याने विळा पाण्यात बुडवताना पाहिला होता. "तो विळा कडक व्हायला बुडवतात ना? मग हे मऊ कसं झालं?" बाबांनी समजावलं. पोलादात कार्बन असतो. लाल तापलेलं पोलाद एकदम गार केलं की त्याची आतली रचना कडक अवस्थेत अडकते. तांब्यात तसं काही नाही. ते मऊ होतं तापण्यानेच. पाण्यात बुडवलं काय आणि तसंच गार होऊ दिलं काय, मऊच राहतं. पाणी फक्त वेळ वाचवतं आणि काळा पापुद्रा उडवतं.

मग पुन्हा दांडा, पुन्हा ठोके, पुन्हा आवाज खणखणीत, पुन्हा भट्टी. दर फेरीला पेला थोडा अरुंद, थोडा उंच. लाली किती झाली ते काका भरउन्हात ओळखत नाहीत. भट्टी मुद्दाम खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात आहे. उजेडात रंग फसवतो, आणि जास्त तापलं तर तांब्याचा रवा, म्हणजे आतला कण, मोठा होऊन ठोकताना अंगावर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा येतो.

थोरलीने पानभर लिहिलं. मी तिला एकच सुचवलं: ‘अनुभवाने कळतं’ असं कुठेही लिहू नकोस. काय बघून कळतं, काय ऐकून कळतं, ते विचार आणि ते लिही. कारागिराबद्दल लिहिताना आपण ‘हातात जादू’ म्हणून मोकळे होतो. तो रंग बघतो, आवाज ऐकतो, काठाची जाडी अंगठ्याने चाचपतो. हे ज्ञान आहे. विचारलं तर सांगता येतं, आणि काकांनी सगळं सांगितलंही.

रविवार, ११ मे

मठाराचं काम. आकार झालेल्या पेल्यावर त्या लखलखीत हातोड्याने एकसारखे गोल ठसे घ्यायचे, तळापासून काठापर्यंत ओळीने. हे नुसतं शोभेचं नाही. या ठोक्यांनी तांबं पुन्हा कडक होतं आणि रोजच्या वापरात भांड्याला पोचे पडत नाहीत. म्हणून मठारानंतर भट्टीत द्यायचं नाही.

यंत्रावरच्या भांड्यांवरही हल्ली ठशांची नक्षी असते. ओळखायचं कसं, ते काकांनी दोन पेले शेजारी ठेवून दाखवलं. साच्यातला प्रत्येक ठसा तंतोतंत सारखा आणि ओळ आपल्या आरंभाला बिनचूक मिळते. हातच्या कामात ओळ जिथे पुरी होते तिथे शेवटचे दोन-तीन ठसे जरा जवळ घेतलेले असतात.

काठ कापून, कानस मारून पेला तयार झाला. वजन १९८ ग्रॅम. कापलेल्या पट्ट्या आणि कीस गोळा करून तोलला: ८. एकूण २०६. चकती होती २०७ ग्रॅमची. एक ग्रॅम कुठे गेला? धाकटा धावत जाऊन पाण्याच्या टाकीत डोकावला. तळाला काळे पापुद्रे पडले होते. आठ ग्रॅमच्या पट्ट्या काकांनी डब्यात टाकल्या. तांब्याचा कीसही इथे वाया जात नाही.

मग जाडी. बाबांनी कारखान्यातून परवानगीने लांब पायांचा कॅलिपर आणला होता. तळाला ०.९०, भिंतीच्या मध्यावर ०.६७, काठाजवळ ०.७४. भिंत सरासरी ०.७ मिलिमीटरवर आलेली. थोरलीने नव्या जाडीने गणित पुन्हा मांडलं आणि १९.६ च्या ठिकाणी १८ का पुरली, ते तिचं तिला सुटलं. हातोडा पत्रा वळवतो तसा लांबवतोही. सूत्र जाडी कायम धरून चाललं होतं. काकांच्या वडिलांचा नियम ठोक्यांचा परिणाम पोटात घेऊनच बेरीज करत होता. वहीत तिने दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी लिहिल्या आणि खाली मोजमापांचा तक्ता. मला वाटतं या वहीतलं सगळ्यांत मोलाचं पान हेच.

गुरुवार, १५ मे

कळशी आणि कल्हई. सासूबाई आज हट्टाने आल्या. पाय दुखतात, तरी.

कळशीच्या बुडाला डाग लागला. पाणी भरून पाऊण तास ठेवली, थेंब नाही. काकांनी पोचाही आतून काढून दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत. सासूबाईंनी कळशी कमरेवर धरून पाहिली.

कल्हईसाठी पातेली आधी वाळूने आणि चिंचेने घासून स्वच्छ केली. काकांनी कथलाची कांडी काढली. विकत घेताना ती पारखतात कशी, ते थोरलीला दाखवायचं म्हणून कांडी तिच्या कानाशी नेऊन हळूच वाकवली. कर्र असा बारीक आवाज आला, कुणीतरी दात खाल्ल्यासारखा. आम्ही सगळ्यांनी आळीपाळीने ऐकला. वाकताना कथलाच्या आतल्या स्फटिकांची रचना एकदम बदलते, त्याचा हा आवाज. शिसं मिसळलेलं असेल तर आवाज मंदावतो. शिसं पोटात जाणं वाईट, मुलांच्या तर फारच. म्हणून कल्हई करून घेताना कथील कसलं वापरता, हे विचारायला लाजू नये. काका म्हणाले, चांगला कल्हईवाला या प्रश्नाचा राग मानत नाही.

पातेलं भट्टीवर तापलं. कापसाच्या बोळ्याने नवसागर फिरवला आणि पांढरा धूर उठला. आम्हाला आधीच दाराशी, वाऱ्याच्या उलट्या अंगाला उभं केलं होतं. तो धूर घशात जाऊ द्यायचा नाही. नवसागर तापलेल्या पितळेवरचा मळ खातो, त्याशिवाय कथील चिकटत नाही. मग कांडी टेकवली. कथील २३२ अंशांवरच वितळतं. चमकता थेंब सुटला आणि काकांनी कापसाने तो असा फिरवला की पिवळं पातेलं बघता बघता आतून पांढरंशुभ्र झालं. एक क्षण उशीर झाला तर कथील गोळा होऊन बसतं, घाई झाली तर जागा कोरी राहते. लगेच पाण्यात.

सासूबाई म्हणाल्या, "भाऊ, आमच्याकडे कल्हईवाला यायचा तेव्हा वाड्यातल्या सगळ्या बायका एकदम पातेली काढायच्या. त्याला दिवसभर पुरेल एवढं काम व्हायचं." काका म्हणाले, "मावशी, आता एक पातेलं येतं. एका पातेल्यासाठी भट्टी पेटवायची तर कोळसासुद्धा सुटत नाही."

धंदा का बसला याचं इतकं नेमकं उत्तर मी दुसरीकडे ऐकलं नव्हतं. प्रदर्शनात वर्षातून एकदा शोभेचा पेला विकत घेऊन या माणसाची भट्टी पेटत नाही. ती पेटते घराघरांतली पातेली एका दिवशी आली तर. मी सोसायटीतल्या बायकांना विचारणार आहे.

कल्हईच्या भांड्याची पथ्यं, वहीतून: रिकामं भांडं आचेवर ठेवायचं नाही. कोरडं भाजणं, तळणं त्यात करायचं नाही, कारण तेल २३२ अंशांच्या जवळ सहज जातं. तारेची घासणी नको. आत पिवळं दिसायला लागलं की पुन्हा कल्हई, नाहीतर आमटी कळकणार.

रविवार, १८ मे

पलीकडे पंचवटीत जाऊन नारोशंकराच्या देवळातली घंटा पाहिली. वसईच्या विजयाशी जोडलेली पोर्तुगीज घंटा, तिच्यावर १७२१ साल आहे. पूर आला की पाणी घंटेला लागलं का, हे नाशिककर अजून विचारतात. आम्ही वेगळ्या कारणाने गेलो. घंटा ओतीव असते, तांब्यात कथील घालून केलेली. तेच तांबं, तेच कथील, पण कल्हईत कथील वर बसतं आणि घंटेत आत मिसळतं. मिसळलं की धातू इतका कडक होतो की थंड असताना ठोकून घडवता येत नाही, आणि म्हणूनच घुमतो. काकांचा हातोडा इथे चालला नसता. थोरलीने वहीत एक वेगळा भाग केला: ठोकीव आणि ओतीव.

रविवार, २५ मे

अवकाळी पाऊस. घरातच. पेले वापरात आहेत, आत कल्हई नाही, त्यामुळे फक्त पाणी. ताक, लिंबू सरबत, चिंचेचं काही त्यात घालायचं नाही, हे फ्रिजवर लिहून लावलंय.

तांब्यातलं पाणी खरंच चांगलं का, हा धाकट्याचा प्रश्न. बाबांना एक अभ्यास सापडला. २०१२ साली बंगळुरूच्या संशोधकांनी जुलाबाचे जंतू मिसळलेलं पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलं, तर जंतू वाढवून बघताना मिळेनासे झाले. पाण्यात उतरलेलं तांबंही जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेत होतं. ती मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे. याच्या पुढचे जे गुण दुकानात सांगतात ते वहीत घेतले नाहीत.

रविवार, १ जून

वही पुरी झाली. शाळेत देण्याआधी थोरलीने ती काकांना वाचून दाखवली, पहिल्या पानापासून. त्यांनी दोन ठिकाणी सुधारणा सांगितल्या. टाकणखार आधी भाजून फुलवून घ्यावा लागतो, नाहीतर सांध्यावर उकळून कीस उडवतो, हे तिच्याकडून राहिलं होतं. आणि काठ कापण्याआधी एकदा तापवायचा, नाहीतर कात्री चीर पाडते. १८ आणि १९.६ चं पान त्यांनी दोनदा वाचून घेतलं. मग मुलाला हाक मारली आणि तेच पान त्यालाही दाखवायला सांगितलं. बाप-लेक त्यावर बराच वेळ बोलत होते. मुलाला प्रेसवरचं सूत्र माहीत होतं, वडिलांचा नियम त्याच्याशी जोडून त्याने पाहिला नव्हता. वहीत आपलं नाव मात्र काकांना नको आहे. ‘तांबट लेनमधले कारागीर’ एवढंच लिहिलंय.

सोसायटीतून पातेली आली आहेत, आमच्या मजल्यावरची आणि खालच्या दोन मजल्यांवरची. एका घरातून पितळी पिंपही. प्रत्येक भांड्याला दोऱ्याने फ्लॅट नंबर बांधला. काकांनी एका दिवशी सगळी करायचं कबूल केलं, पाऊस उघडला की सकाळी. टेम्पो ठरवलाय.

घंगाळाला फक्त पॉलिश हवंय, ते काकांच्या मुलाकडे दिलं. बंबाचं काम मोठं आहे. आतली नळी खालच्या टोकाला झिजलीये, ती कापून नवी बसवावी लागेल, आणि तेवढ्या जाडीचा पत्रा मागवायला हवा. काकांनी गणपतीनंतरची वेळ दिली आहे. धाकट्याने त्या दिवशी शाळा बुडवायची परवानगी आताच मागून ठेवली, आणि मी ती दिली.